200 हॉर्सपॉवरच्या स्पोर्ट्स कारला टर्बो लावावा का? खर्च वसूल होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्या पिढीची टोयोटा जीटी86 आहे, मॅन्युअल, इंजिन कंपनीतून आलं तसंच, अजून कधी उघडलेलं नाही. गाडी वळणावर मस्त चालते पण मधल्या आरपीएमला दम नाही, ओव्हरटेक करताना दोन गिअर खाली टाकावे लागतात. टर्बो किटचं कोटेशन मिळालंय आणि आकडा बघून पोटात गोळा आलाय. तर लावावा, की गाडी विकून दुसरी घ्यावी?

बरीच वर्षं हेच काम करतोय, टर्बो बसवलेत आणि दुसऱ्यांनी बसवलेले काढून गाड्या परत ओरिजिनलही केल्यात, त्यामुळे स्पष्ट सांगतो. नुसता "खर्च वसूल होतो का" असा प्रश्न असेल तर नाही, होत नाही. गाडी विकताना त्यातला फार थोडा पैसा परत येतो, उलट बऱ्याच वेळा घेणारा बिचकतो आणि तीच गाडी स्टॉकपेक्षा, म्हणजे काहीही न बदललेल्या गाडीपेक्षा, कमी किमतीला जाते. तेव्हा वसुलीचा विचार आधी डोक्यातून काढा. हे पैसे मजेसाठी गेले असं धरायचं आणि मग बघायचं की तेवढ्या पैशात तेवढी मजा मिळते का.

आता तुमच्या गाडीचं बोलू, कारण टर्बो लावावा की नाही हे सरसकट कुणालाच सांगता येत नाही, ते इंजिनावर ठरतं. तुमचं इंजिन 2.0 लिटर बॉक्सर (सिलेंडर आडवे, समोरासमोर), साधारण 200 हॉर्सपॉवर 7000 आरपीएमला, टॉर्क 205 न्यूटन मीटर आणि तोही 6400 च्या पुढे. कॉम्प्रेशन रेशो 12.5:1. आणि 3500 ते 4500 च्या मध्ये टॉर्कच्या आलेखात खड्डा पडतो तो वेगळाच, जो तुम्हाला ओव्हरटेक करताना जाणवतोय. हा खड्डा काही तुमच्या गाडीतला बिघाड नाही, या मॉडेलचा तो स्वभावच आहे, सगळ्यांना माहीत असलेला.

यातला 12.5:1 हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. टर्बो काय करतो तर हवा आधीच दाबून इंजिनात पाठवतो, आणि तुमचं इंजिन ती परत साडेबारा पट दाबणार. हवा दाबली की तापते, तापली की पेट्रोल स्पार्कच्या आधी किंवा स्पार्कनंतर भलतीकडेच पेटायला लागतं, यालाच आपण नॉकिंग म्हणतो. नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, हेड गॅस्केट जातं, बेअरिंग मार खातात. म्हणून कंपन्या टर्बोचं इंजिन बनवताना कॉम्प्रेशन आधी खाली आणतात. 1975 च्या पोर्शे 911 टर्बोचं तर फक्त 6.5:1 होतं. त्याच्याही आधी 1962 मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर काढली, 10.25:1 कॉम्प्रेशनवर टर्बो, आणि नॉकिंग थांबवायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायचे. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे! गाडी लवकरच बंद पडली, बाजारातून म्हणतोय मी.

आणि अगदी घरातलंच उदाहरण हवं असेल तर सुबारूने तुमच्या इंजिनाच्याच कुटुंबातलं 2.0 लिटर टर्बो इंजिन 2015 च्या डब्ल्यूआरएक्समध्ये दिलं, त्याचं कॉम्प्रेशन 10.6:1 आहे. म्हणजे ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच टर्बो लावताना 12.5 वरून 10.6 वर आणलं, आणि आपण मात्र 12.5 तसंच ठेवून वरून टर्बो बसवणार. चालतं, चालत नाही असं मी म्हणत नाही, जगभर लोक चालवतात, पण मग बूस्ट, म्हणजे टर्बो देतो तो जास्तीचा दाब, कमी ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त ऑक्टेनचं लागतं, आणि ट्यून करणारा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोल-स्पार्कची सेटिंग बसवणारा माणूस खरंच जाणकार लागतो. या तिन्हीपैकी एक जरी नसेल तर विषय इथेच सोडा.

थोडं गणित करून बघा. बूस्ट अर्धा बार धरू, म्हणजे साधारण 7 पीएसआय. वातावरणाचा दाब एक बार, त्यावर अर्धा, म्हणजे कागदावर दीडपट हवा. पण कॉम्प्रेसरमधून निघताना हवा साधारण 50 अंशांनी तापलेली असते, बाहेर 30 असेल तर आत 80. इंटरकूलरने, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीने, ती 45 च्या आसपास आणली तरी दीडपट हवेची 1.4 पटच उरते, आणि नॉकिंग टाळायला इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा द्यावा लागतो, त्यात अजून थोडं जातं. म्हणजे 200 चे 270-280 झाले तर काम चांगलं झालं म्हणायचं. याच सेटअपवर कुणी तुम्हाला साध्या पंपाच्या पेट्रोलवर 350 चं आश्वासन देत असेल तर नमस्कार करून निघा.

पण खरी मेख पुढे आहे, ती बरेच जण बघतच नाहीत. तुम्हाला हवाय खालचा आणि मधला टॉर्क, आणि इंजिनाला सगळ्यात जास्त नेमकं तेच सोसावं लागतं. असं बघा, 6500 आरपीएमला मिळणारी जास्तीची पॉवर तुलनेने सुखाची असते. तेच 2500-3000 ला फुल बूस्ट दिला तर पिस्टन हळू सरकत असतो, ज्वलनाला वेळ भरपूर मिळतो, सिलेंडरमधला दाब एकदम चढतो आणि तो सगळा कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतात ते बहुतेक अशा वेळी, रेडलाइनला नव्हे. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत तर कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटायचा वेगळा प्रकार होतो, त्यासाठी 2018 मध्ये ऑइलचा एपीआय एसएन प्लस नावाचा खास दर्जा आणावा लागला. तुमच्या गाडीत डायरेक्ट आणि पोर्ट दोन्ही इंजेक्शन आहे, त्यामुळे टर्बो लावलाच तर ऑइल एसएन प्लस किंवा त्याच्या नंतरच्या दर्जाचंच टाका. आणि वरच्या गिअरमध्ये 2000 आरपीएमवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय असेल तर ती मोडा. मग परत तोच प्रश्न येतो ना, गिअर खाली टाकायचाच असेल तर टर्बो कशाला? अर्थात दोनऐवजी एक गिअर टाकावा लागेल आणि गाडी जास्त जोरात पळेल हे आहेच, पण "गिअर न बदलता कुठूनही खेचेल" हे स्वप्न या कॉम्प्रेशनवर जपूनच बघा.

आता खर्चाकडे. कोटेशनमध्ये काय असतं, टर्बो, मॅनिफोल्ड (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणारे पाइप), इंटरकूलर, पाइप, वेस्टगेट आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारे व्हॉल्व्ह), इंजेक्टर, कधी कधी फ्युएल पंप, आणि एक रेडीमेड ट्यून. लोक हा आकडा म्हणजेच टर्बोचा खर्च समजतात. माझा अंदाजाचा नियम असा की किटची किंमत दुप्पट करा, तो गाडी नीट रस्त्यावर येईपर्यंतचा खर्च. आणि अजून एका किटइतके पैसे बँकेत इंजिनासाठी बाजूला ठेवा, हात न लावता. म्हणजे एकूण तिप्पट. हे जमत असेल तरच पुढचं वाचा.

दुप्पट कशी होते ते सांगतो. सगळ्यात आधी क्लच. 205 न्यूटन मीटरसाठी बनवलेला क्लच 300 च्या आसपासचा टॉर्क काही दिवस झेलेल, मग चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढेल पण गाडी पुढे जाणार नाही. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून तो टर्बोबरोबरच करून घ्या, नाहीतर मजुरी दोनदा. मग ट्यून. किटबरोबर आलेला बेस ट्यून फक्त गाडी सुरू करून डायनोपर्यंत, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनपर्यंत, न्यायला, त्यावर फिरायचं नाही. डायनोवर बसून तुमच्याच गाडीचा, तुम्हाला मिळणाऱ्या पेट्रोलवरचा ट्यून करून घ्यायचा, तो वेगळा पैसा. वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा), बूस्ट आणि ऑइल प्रेशरचे मीटर, हे शोभेसाठी नसतात. नवे गॅस्केट, नट-बोल्ट, होज, कूलंट, ऑइल, हे सगळं किरकोळ वाटतं आणि बिल आल्यावर कळतं.

उष्णता हा तर स्वतंत्र विषय. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलंटमध्ये जातो. पॉवर 40 टक्के वाढली की रेडिएटरवरचा भारही जवळपास तेवढाच वाढतो, आणि वर त्याच रेडिएटरच्या पुढे आपण इंटरकूलर उभा करून त्याची हवा अडवतो. रस्त्यावर फुल थ्रॉटल काही सेकंदच असतो त्यामुळे निभावतं. ट्रॅकवर मात्र या गाडीचं ऑइल टर्बो नसतानाही बरंच तापतं, म्हणून ट्रॅकवाले आधी ऑइल कूलर लावतात. टर्बोसोबत ट्रॅकवर जायचं असेल तर ऑइल कूलर हा खर्चाचा भागच धरा, नंतर बघू वगैरे नको. ब्रेकचंही तसंच, चांगले पॅड आणि जास्त तापमानाचं ब्रेक फ्लुइड तरी हवंच, गाडी आता सरळ रस्त्याच्या शेवटी जास्त वेगात पोचणार आहे.

पेट्रोलचं पण सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. स्टॉक इंजिन फुल थ्रॉटलला साधारण पावणेतेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल घेतं, बूस्टमध्ये आपण साडेअकराच्या आसपास ठेवतो, मुद्दाम जास्त पेट्रोल, आतलं तापमान खाली राहावं म्हणून. म्हणजे पॉवर 1.4 पट झाली तरी पेट्रोल दीडपटीच्या वर लागतं. पंप आणि इंजेक्टर त्या हिशोबाने मोठे असले पाहिजेत, आणि इंजेक्टर 80-85 टक्क्यांच्या पुढे उघडे राहत असतील तर ट्यूनरने तिथेच थांबायला हवं. नुसतं निवांत फिरलात तर मायलेजमध्ये फार फरक पडत नाही, पण टर्बो लावून निवांत कोण फिरतं.

गाडीवर अजून वॉरंटी असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सची गेली म्हणून समजा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, न कळवता अपघात झाला तर क्लेम नाकारायला त्यांना आयतंच कारण मिळतं. प्रदूषण आणि नोंदणीचे नियम जिथले तिथले वेगळे, ते किट मागवायच्या आधी बघा, काही ठिकाणी कॅटलिटिक कन्व्हर्टर हलवला की गाडी रस्त्यासाठी बादच ठरते.

आता समोरच्या पर्यायांबद्दल, कारण मला वाटतं तुमचं उत्तर यात आहे. तुमची अडचण पॉवरची नाहीच, अडचण मधल्या खड्ड्याची आहे. तो खड्डा चांगला हेडर (मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी बसणारे मोकळे पाइप) आणि त्याला जुळणारा ट्यून यांनी बराच भरून निघतो, भरपूर इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळत असेल तर अजूनच. हा खर्च टर्बोच्या मानाने फारच कमी. दुसरं म्हणजे फायनल ड्राइव्ह, गिअरबॉक्सनंतर चाकांच्या आधीचा शेवटचा गिअर. तुमच्या मॅन्युअल गाडीत 4.1 चा आहे. कंपनीने स्वतःच 2017 च्या मॉडेलला मॅन्युअलमध्ये 4.3 दिला. 4.1 चा 4.56 केलात तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क 11 टक्के वाढतो, इंजिनाला हातही न लावता. तोटा असा की हायवेला आरपीएम जास्त राहतो, आवाज आणि पेट्रोल थोडं वाढतं. मला स्वतःला या गाडीवर हेडर, ट्यून आणि फायनल ड्राइव्ह हे तिन्ही एकत्र केलेली गाडी टर्बोच्या गाडीपेक्षा चालवायला जास्त आवडते, थ्रॉटल जसा पायाखाली तसा लगेच मिळतो. हे माझं मत, कुणाला पाठीत बसणारा धक्का हवा असतो त्याला नाही पटणार.

सुपरचार्जरचाही विचार करा, लोक टर्बोच्या नादात तो विसरतात. तोही हवा दाबूनच देतो, पण एक्झॉस्टऐवजी इंजिनाच्या बेल्टवर फिरतो म्हणून लॅग (बूस्ट यायला लागणारा उशीर) नाही, एक्झॉस्टची गरम कामं नाहीत, आणि पुढे कधी काढून गाडी स्टॉक करणं त्यातल्या त्यात सोपं. इंजिनाचीच थोडी ताकद तो खातो हे खरं. त्यातही सेंट्रिफ्युगल प्रकार घेतलात तर बूस्ट आरपीएमबरोबर हळूहळू वाढतो, वरच मिळतो, म्हणजे रॉडला सुखाचं पण तुमच्या खड्ड्याला फारसं औषध नाही. रूट्स किंवा ट्विन स्क्रू प्रकार खालूनच दाब देतो, तुमची तक्रार बघता तो जास्त जवळचा. 12.5:1 चं बंधन मात्र त्यालाही तितकंच लागू आहे.

आणि गाडी विकायचा पर्याय. याच गाडीची पुढची पिढी, जीआर86, 2021 मध्ये आली, आणि तिच्या वेळी सगळ्यांना वाटलं होतं की आता टर्बो देणार. नाही दिला. सिलेंडरचा व्यास 86 वरून 94 मिलीमीटर केला, इंजिन 2.4 लिटरचं झालं, टॉर्क 250 न्यूटन मीटर आणि तो 3700 आरपीएमला! म्हणजे बरोबर तुमचा खड्डा होता तिथे. पॉवर साधारण 230. तेव्हा तुमची गाडी विकून येणारे पैसे आणि मी वर सांगितलेला तिप्पट आकडा एकत्र करा आणि त्यात चांगल्या अवस्थेतली जीआर86 येते का बघा. येत असेल तर माझ्या मते तिथेच विषय संपला, शिवाय ती कंपनीची गाडी, नवी असेल तर वॉरंटीसकट. येत नसेल, फरक मोठा असेल, तर टर्बोचा विचार चुकीचा नाही.

मग टर्बो कुणी लावावा? ज्याच्याकडे रोज कामाला जायला दुसरी गाडी आहे, कारण ही गाडी महिन्यात कधी ना कधी गॅरेजमध्ये उभी राहणारच. ज्याला ही गाडी पुढची बरीच वर्षं विकायची नाही. ज्याला स्वतः बॉनेट उघडून होज तपासायची, लॉग (इंजिनाच्या सेन्सरच्या नोंदी) वाचायची हौस आहे. आणि इंजिन गेलं तर ज्याची झोप उडणार नाही. हप्त्यावर घेतलेल्या गाडीवर कर्ज काढून टर्बो, हे नाकापेक्षा मोती जड, करू नका.

लावायचं ठरलंच तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट करा. लीक-डाउनमध्ये, म्हणजे सिलेंडरमध्ये भरलेली हवा किती गळते त्यात, सगळे सिलेंडर 10 टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर ठीक. एखादा 20 च्या आसपास गेला तर त्या इंजिनावर टर्बो नको, आधी इंजिन. स्वस्तातला नक्कल केलेला टर्बो घेऊ नका, तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, बॅलन्समधली बारीकशी चूकही त्याला सहन होत नाही, आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. टर्बोमधून परत येणारा ऑइलचा पाइप रुंद आणि सरळ उताराचा आहे ना ते स्वतः बघा. ऑइल तिथून फक्त वजनाने खाली येतं, पाइप अरुंद किंवा वळलेला असला की ते टर्बोत तुंबतं, सीलमधून गळतं आणि एक्झॉस्टमधून निळा धूर. लोक टर्बो गेला म्हणून नवा आणतात, दोष पाइपचा असतो.

ट्यूनर निवडताना पीक आकड्यावर जाऊ नका. एका डायनोचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि चाकावरची पॉवर इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमी दिसते हे बोलतानाही विसरलं जातं. त्याने याआधी केलेल्या याच इंजिनाच्या गाड्यांचे आलेख मागा आणि 2500 ते 5000 मधली रेघ बघा. टॉर्क हळूहळू चढतोय की भिंतीसारखा उभा राहतोय? उभा असेल तर त्याला सांगा की खालचा बूस्ट कमी कर, वर थोडा दे. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं किंवा ऑइल प्रेशर पडलं तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःहून पॉवर तोडेल अशी सेटिंग टाकतो का, ते विचारा. "त्याची गरज नाही" म्हणाला तर दुसरा शोधा, दुसरा मिळेपर्यंत थांबा, किट डब्यात पडून खराब होत नाही.

हे सगळं करायच्या आधी एक फुकटचं काम आहे. कुणाची तरी टर्बो लावलेली जीटी86 मिळवा, निदान शेजारच्या सीटवर बसून या, आणि जमलं तर त्याच दिवशी हेडर-ट्यूनवाली पण. बरेच जण तिथेच ठरवून येतात. आणि काय लावाल ते लावा, काढलेला ओरिजिनल मॅनिफोल्ड, एअरबॉक्स, इंजेक्टर, क्लच सगळं नावं घालून खोक्यात भरून ठेवा. विकायची वेळ आली की किट वेगळं आणि स्टॉक केलेली गाडी वेगळी विकली तर दोन्हीचे मिळून जास्त पैसे येतात, आणि त्या खोक्याशिवाय हे शक्यच नाही.